पन्नास मिलिसेकंदांचा हट्ट

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्याच दिवशी महिन्याच्या वायदे-सौद्यांची मुदत संपणार होती, म्हणजे बाजारात हातघाईचे दिवस. सकाळी साडेअकराच्या आधीपासूनच निफ्टीचा आकडा पडद्यावर नीट हलत नव्हता. अकरा चाळीसला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, व्यवहार थांबवले. ज्यांचे सौदे अर्ध्यावर लटकले होते त्यांनी बीएसईकडे धाव घेतली, बाकीचे ब्रोकरला फोन लावत बसले. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचारला आणि चालला संध्याकाळी पाचपर्यंत.

एनएसईने निष्काळजीपणाने एकाच लिंकवर भिस्त ठेवली होती, असं मुळीच नव्हतं. मुख्य केंद्र आणि त्याच्या जवळचं दुसरं केंद्र यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंका होत्या. एकीची गेली तर दुसरीची असावी, हा सरळ हिशोब. त्या दिवशी दोघींच्याही लिंका डळमळल्या. पुढच्या महिन्यात दिलेल्या खुलाशात त्याचं मुख्य कारण आलं: दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम. मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. नवल पुढच्या वाक्यात होतं. लिंका गेल्या तरी मुख्य केंद्रातल्या स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवायला हवं होतं. पण त्यातलं फेलओव्हर ठरल्याप्रमाणे चाललं नाही आणि सर्व्हरांना स्टोरेजच दिसेनासं झालं. त्यामुळे जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. जोखीम मोजता येत नाही, तर सौदे घ्यायचे कसे?

नेटवर्क विकणाऱ्या कंपन्यांच्या सादरीकरणांत एक आकडा हमखास असतो: पन्नास मिलिसेकंद. लिंक तुटली की डोळ्याची पापणी लवायच्या आत रहदारी दुसऱ्या वाटेने जाईल, असं आश्वासन. हा आकडा खोटा नाही. गेल्या पंचवीस वर्षांत राउटर बनवणाऱ्यांनी तो खरोखर साधला आहे. पण एनएसईच्या त्या चार तासांत पन्नास मिलिसेकंदांचा काय उपयोग झाला असता, हे विचारलं की सादरीकरण जरा अडखळतं. सावरण्याची पद्धत निवडायची म्हणजे काय निवडायचं, ते समजण्यासाठी आधी तुटण्याच्या क्षणी राउटरच्या पोटात काय चालतं ते पाहावं लागतं.

* * *

प्रत्येक राउटरकडे एक तक्ता असतो: अमुक पत्त्याचं पॅकेट आलं तर अमुक पोर्टमधून बाहेर काढायचं. हा तक्ता कोणी हाताने भरत नाही. एका कंपनीच्या नेटवर्कमधले राउटर ओएसपीएफ किंवा आयएसआयएस या भाषांत एकमेकांना सांगत राहतात, की माझे शेजारी हे आणि त्यांच्यापर्यंतचा खर्च हा. त्या माहितीतून प्रत्येक राउटर संपूर्ण नकाशा बनवतो आणि सर्वांत स्वस्त वाटा स्वतःच काढतो. हिशोबाची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाची. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेले असताना थकून एका कॅफेत कॉफी प्यायला बसले, तेव्हा वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता ती सुचली, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. छापून आली १९५९ मध्ये. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने १९७९ च्या सुमारास ती आपलीशी केली आणि आजही बहुतेक मोठी नेटवर्कं तिच्यावरच चालतात.

लिंक तुटली की चार कामं ओळीने होतात. तुटल्याचं कळणं, इतरांना कळवणं, नव्याने हिशोब करणं आणि नवी उत्तरं तक्त्यात बसवणं. वेळ खातो तो हिशोब, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात आजच्या राउटरला हजारभर राउटरांचा नकाशा सोडवायला मोजके मिलिसेकंद लागतात. वेळ जातो तो पहिल्या आणि चौथ्या कामात.

फायबरमधला उजेडच गेला तर पोर्टला ते लगेच कळतं. पण दोन राउटरांच्या मध्ये एखादा स्विच बसलेला असेल आणि तार स्विचच्या पलीकडे तुटली, तर अलीकडच्या पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो. मग भरवसा उरतो तो ‘हेलो’ पॅकेटांवर. ओएसपीएफमध्ये रूढ पद्धतीने दर दहा सेकंदांनी हेलो जातो आणि चाळीस सेकंद काहीच आलं नाही तर शेजारी गेला असं मानतात. शंभर गिगाबिटच्या भरून वाहणाऱ्या लिंकवर चाळीस सेकंद म्हणजे पाचशे गिगाबाइट डेटा थेट खड्ड्यात. ‘बीएफडी’ हा उपाय यासाठीच आला. २०१० मध्ये त्याचं प्रमाणीकरण झालं. काम एकच: आहेस का, आहेस का, असं अखंड विचारत राहणं. पन्नास मिलिसेकंदांनी एकदा विचारलं आणि सलग तीनदा उत्तर आलं नाही, की दीडशे मिलिसेकंदांत निकाल.

चौथ्या कामाची गंमत वेगळी. जगाच्या इंटरनेटचा तक्ता आता दहा लाख मार्गांच्या आसपास पोचला आहे. पूर्वी एक लिंक गेली की ज्या-ज्या मार्गांचं तोंड तिकडे होतं ते सगळे एकेक करून बदलले जात. लाखो नोंदी लिहिता-लिहिता काही सेकंद सहज उडत. आता तक्त्यात एक मधली पायरी घालतात. लाखो मार्ग एका खुणेकडे बोट दाखवतात, आणि लिंक गेली की ती एक खूण बदलली म्हणजे झालं. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सुधारणेने ग्राहकांना जेवढा फायदा झाला, तेवढा अनेक गाजलेल्या तंत्रांनी झालेला नाही.

* * *

मग हे पन्नास मिलिसेकंद आले कुठून? टेलिफोनमधून. १९८० च्या दशकात अमेरिकेत फायबरच्या कड्या टाकायला सुरुवात झाली, तेव्हा सोनेट नावाच्या मानकात ठरलं: बिघाड ओळखायला दहा मिलिसेकंद आणि पलीकडच्या बाजूने फिरवायला पन्नास. चालू असलेले फोन तुटू नयेत, ही त्यामागची गरज. म्हणजे हा आकडा त्या काळच्या टेलिफोन उपकरणांच्या सहनशक्तीवरून बेतलेला होता. पुढे टेलिफोनचं जग इंटरनेटवर चढलं, उपकरणं भंगारात गेली, आकडा मात्र निविदांमध्ये राहून गेला. आजही निविदा लिहिणारा माणूस मागच्या निविदेतून तो जसाच्या तसा उचलतो.

तो आकडा कोणाला खरंच हवा असतो? इंटरनेटवरच्या आवाजाचं एक पॅकेट साधारण वीस मिलिसेकंदांचं. पन्नासमध्ये दोन-तीन हरवतील, कानाला जेमतेम कळेल. सिनेमा पाहणाऱ्याच्या यंत्रात कित्येक सेकंदांचा साठा असतो, त्याला पत्ताही लागणार नाही. वेबपेज, मेल, यूपीआय हे सगळं ज्या टीसीपीवर चालतं, ती पॅकेट हरवलं तर स्वतःहून पुन्हा पाठवते, आणि लिनक्समध्ये त्यासाठी ती किमान दोनशे मिलिसेकंद थांबतेच. अशा रहदारीसाठी पन्नास आणि दीडशे यांतल्या फरकावर कोट्यवधी रुपये खर्च करणं म्हणजे निव्वळ हौस. उलट विजेच्या उपकेंद्रातल्या संरक्षक यंत्रांना पन्नाससुद्धा फार. तिथे सावरण्याचा विचारच सोडून देतात. पीआरपी नावाच्या पद्धतीत प्रत्येक संदेश दोन स्वतंत्र नेटवर्कांतून एकाच वेळी पाठवतात. जो आधी पोचेल तो घ्यायचा, दुसरा टाकून द्यायचा. सावरायला लागणारा वेळ शून्य, खर्च दुप्पट. अनेक शेअर बाजार आपला भावांचा प्रवाह असाच दोन वाटांनी सोडतात आणि टीव्हीवाले थेट प्रक्षेपणाचं चित्रही.

* * *

या दोन टोकांच्या मधल्या नेटवर्कांसाठी जे उपाय आहेत, ते एका काल्पनिक कडीवर नीट कळतात. समजा, पुणे, मुंबई, नाशिक, जळगाव, नागपूर, नांदेड, सोलापूर आणि परत पुणे अशी सात राउटरांची कडी आहे. प्रत्येक टप्प्याचा खर्च दहा. पुण्याहून नांदेडला जाणारी पॅकेटं सोलापूरमार्गे जातात, खर्च वीस.

आता पुणे-सोलापूर तुटलं. सगळ्या राउटरांना बातमी कळून नवा हिशोब होईपर्यंत पुण्याने काय करावं? तुटल्याचं पहिलं त्यालाच कळलं आहे. साधा विचार असा, की उरलेल्या शेजाऱ्याकडे म्हणजे मुंबईकडे पॅकेट ढकलावं. पण मुंबईला अजून काहीच कळलेलं नाही. तिच्या जुन्या तक्त्यानुसार नांदेड पुण्यावरून तीस खर्चात आणि नाशिकवरून चाळीस खर्चात पडतं. ती ते पॅकेट इमानदारीने पुण्याला परत पाठवणार, पुणे पुन्हा मुंबईला. काही क्षणांत दोघांमधली लिंक या येरझाऱ्यांनी भरून जाते आणि ज्यांचा सोलापूर-नांदेडशी काही संबंध नाही अशा रहदारीचंही गाडं अडतं.

‘एलएफए’ ही पद्धत या धोक्याचा हिशोब आधीच करून ठेवते. परत फिरवणार नाही असा शेजारी असेल तर त्याचं नाव राखीव म्हणून तक्त्यात लिहिलेलं असतं. तुटलं की लगेच तिकडे. २००८ मध्ये ती प्रमाणित झाली. जादा संदेश नाहीत, शेजारच्या राउटरला काही शिकवायला नको, चालू करायला एखाद-दोन ओळी पुरतात. जाळं दाट असेल तर बहुतेक ठिकाणी असा शेजारी मिळतो. कडीत मात्र अनेक ठिकाणी मिळत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. आणि भारतातल्या शहरी-जिल्हा नेटवर्कांत कड्याच जास्त, कारण फायबर रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेने जातं.

तिथे ‘रिमोट एलएफए’ कामाला येते. पुण्यापासून तुटलेल्या लिंकवर न जाता गाठता येईल आणि जिथून पुढेही त्या लिंकवर न जाता सोलापूरच्या बाजूला जाता येईल, असा राउटर शोधायचा. आपल्या कडीत तो जळगाव. पुणे मूळ पॅकेटावर जळगावचा पत्ता असलेलं दुसरं वेष्टन चढवतं. मुंबई आणि नाशिक ते निमूटपणे जळगावला पोचवतात, कारण त्यांच्या जुन्या तक्त्यांतही जळगावची वाट तीच आहे. जळगाव वेष्टन काढतं, आत नांदेडचा पत्ता पाहतं आणि नागपूरकडे सोडतं. कोणालाही बातमी कळायच्या आत काम झालेलं असतं. खर्चाचे आकडे वेडेवाकडे असलेल्या जाळ्यांत असा एकच सोयीचा राउटर नेहमी सापडतो असं नाही. मग येते ‘टीआय-एलएफए’. सेगमेंट राउटिंगच्या आधाराने ती पॅकेटावर एकाऐवजी दोन-तीन मुक्कामांची यादी लिहू शकते. वाट अस्तित्वात असेल तर सापडतेच. तिचा आणखी एक गुण वापरणाऱ्यांना विशेष आवडतो. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर रहदारी ज्या वाटेने जाणार आहे, तीच वाट ती सुरुवातीपासून धरते, त्यामुळे रहदारी दोनदा हलत नाही आणि भलत्याच पातळ लिंकवर येऊन आदळत नाही.

या सर्वांच्या आधीची, २००५ मध्ये प्रमाणित झालेली एमपीएलएस फास्ट रीरूट अजून अनेक ठिकाणी चालू आहे, आणि चांगली चालू आहे. तिची अडचण देखभालीची. शंभर राउटरांत प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे बोगदे, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या वाटा, टाकायचे म्हटलं तर ९,९०० होतात. प्रत्येकाची अवस्था वाटेतल्या राउटरांनी लक्षात ठेवायची. रहदारी लिंकनिहाय मोजून-मापून बसवायची सवय असलेल्या कंपन्यांनी ती सोडायची घाई करू नये. नव्याने उभारणाऱ्याने मात्र तिच्या वाटेला जायचं फारसं कारण उरलेलं नाही.

* * *

वेगाची एक वाईट बाजू अशी, की यंत्राला घाबरायची सवय लागते.

पन्नासच्या ऐवजी दहा मिलिसेकंदांचा बीएफडी लावला, तीन चुकले की लिंक मेली असं ठरवलं आणि खाली ऑप्टिकल कडी आहे. कडीत फायबर तुटलं. कडी आपलं काम पन्नास मिलिसेकंदांत चोख करणार आहे. पण वरच्या राउटरने तिसाव्या मिलिसेकंदालाच लिंक मेल्याची दवंडी पिटली. आता खालचा थर सावरला तरी वरचा थर सगळी रहदारी हलवत बसतो, मग लिंक जिवंत दिसल्यावर परत हलवतो. दोन्ही थर आपापल्या जागी बरोबर. एकत्र येऊन त्यांनी एका बिघाडाचे तीन केले. म्हणून जाणती माणसं आधी खालच्या थराला संधी देतात आणि वरच्याला मुद्दाम थोडं थांबायला लावतात.

त्याहून वाईट ती फडफडणारी लिंक, एका मिनिटात पाचदा जाणारी आणि पाचदा येणारी. स्प्रिंट या अमेरिकन कंपनीच्या नेटवर्कचा या शतकाच्या सुरुवातीला झालेला अभ्यास अजूनही दाखल्याला घेतात. सुमारे निम्मे बिघाड एका मिनिटाच्या आत आपोआप संपत होते. सगळ्या बिघाडांतले २० टक्के तर नियोजित देखभालीचे, म्हणजे आपल्याच माणसांनी ठरवून केलेले! अशा नेटवर्कमध्ये प्रत्येक धक्क्याला त्याच तत्परतेने उत्तर दिलं तर राउटर दिवसभर हिशोबच करत राहतील. म्हणून पहिल्या धक्क्याला झटपट आणि मग दर वेळी अधिक थांबून उत्तर देणारे टायमर आले. तेही प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने बसवले. दोन कंपन्यांचे शेजारी राउटर वेगवेगळा वेळ थांबले की मधल्या वेळात पॅकेटं त्यांच्यात घिरट्या घालायची. २०१८ मध्ये एक समान ताल सुचवला गेला: पहिल्यांदा ५० मिलिसेकंद, मग २००, आणि गोंधळ संपत नसेल तर पाच सेकंद. काही वेळा पाच सेकंद शांत बसणं हाच शहाणपणाचा निर्णय असतो, हे मानकात लिहून ठेवावं लागलं.

* * *

स्प्रिंटच्या त्याच नोंदींमध्ये आणखी एक आकडा होता. देखभालीचे बिघाड वगळले तर उरलेल्यांतले जवळपास ३० टक्के एकाच वेळी अनेक लिंकांना घेऊन गेलेले. नकाशावर वेगळ्या, जमिनीखाली एकत्र.

याचं सर्वांत जुनं आणि बोलकं उदाहरण १२ डिसेंबर १९८६ चं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागाला बाकीच्या अर्पानेटशी जोडणाऱ्या सात वेगवेगळ्या लाइनी होत्या. सात म्हणजे डोक्याला ताप नाही, असंच कोणालाही वाटेल. न्यूअर्क आणि व्हाइट प्लेन्स यांच्यामध्ये एक फायबर केबल तुटली आणि सातही गेल्या, कारण सातही त्याच केबलमधून नेलेल्या होत्या. जवळपास अकरा तास तो भाग तुटलेला राहिला. सुरुवातीला बहुधा वेगवेगळ्याच नेलेल्या असतील. पुढे टेलिफोन कंपनी आपल्या सोयीने लाइनी हलवत जाते आणि भाड्याने घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. भारतातही एक कंपनी दुसरीचं फायबर घेते, दुसरी तिसरीच्या डक्टमधून जाते, आणि बिलं मात्र दोन येतात.

समुद्रातही हेच. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग युरोप-एशिया या दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईत उतरतात. भारताची पश्चिमेकडची बरीच क्षमता एका फटक्यात गेली आणि कंपन्यांना रहदारी सिंगापूर-पॅसिफिकच्या उलट्या वाटेने न्यावी लागली. मालक वेगळे, केबली वेगळ्या, चिंचोळी वाट एकच. फेब्रुवारी २०२४ मध्ये हूथींच्या हल्ल्यात जखमी होऊन वाहवत गेलेल्या रुबीमार जहाजाच्या नांगराने, असा दाट अंदाज आहे, तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम-टीजीएन तोडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा सी-मी-वी-४ आणि तिच्यासोबत आयएमईडब्ल्यूई. या यादीतल्या बहुतेक केबलींचं भारतातलं टोक मुंबईतच आहे. देशात परदेशी केबली उतरतात त्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत, आणि मुंबईतल्या अनेक वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जवळजवळ.

राउटरला हे दिसत नाही. त्याला दिसतात फक्त दोन पोर्ट. टीआय-एलएफएला सांगता येतं, की या दोन लिंका एकाच डक्टमधल्या आहेत, एक गेली तर दुसरीवर जाऊ नकोस. मात्र ते सांगायला कोणालातरी ते माहीत असावं लागतं. फायबरचा खरा नकाशा ठेवणं, तो दर वर्षी रस्त्यावर जाऊन ताडून पाहणं, करारात ‘वाट बदलली तर कळवा’ हे कलम घालणं ही कामं कुठल्याच यंत्रासोबत येत नाहीत. म्हणूनच ती होत नाहीत.

* * *

आणि मग उरतात ते बिघाड, ज्यांत लिंक तुटलेलीच नसते.

२७ ऑक्टोबर १९८० ला अर्पानेट काही तास पूर्णपणे ठप्प झालं. तारा शाबूत, वीज चालू, राउटर चालू. त्या काळच्या राउटरांना इंप म्हणत. ते आपल्या बातम्यांवर ० ते ६३ असे क्रमांक घालत. त्रेसष्टनंतर पुन्हा शून्य. नवी बातमी कोणती हे ठरवायला नियम असा, की फरक बत्तीसपर्यंत असेल तर मोठा आकडा नवा; त्याहून जास्त असेल तर चक्र पूर्ण झालं असं समजून छोटा आकडा नवा. त्या दिवशी बिघडलेल्या हार्डवेअरने ४४ क्रमांकाच्या बातमीतले बिट गाळले आणि एकाच इंपच्या नावाने ८, ४०, ४४ अशा तीन बातम्या फिरू लागल्या. नियमाने पाहा: ४४ ही ४० पेक्षा नवी. ४० ही ८ पेक्षा नवी, कारण फरक बरोबर बत्तीस. आणि ८ ही ४४ पेक्षा नवी, कारण फरक छत्तीस. दगड-कागद-कात्रीचा डाव, जो कधी संपतच नाही. प्रत्येक इंप प्रत्येक बातमी नवी म्हणून स्वीकारायचा, पुढे पाठवायचा आणि दुसरं काही करायला त्याला उसंतच नसायची. एखादा बंद करून चालू केला तरी शेजारी त्याला पुन्हा तीच बाधा द्यायचे. शेवटी त्या एका इंपच्या नावाच्या बातम्या मानूच नका, अशी दुरुस्ती एकेका इंपमध्ये घालावी लागली. एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी या घटनेचा जो वृत्तांत लिहिला, तो आजही नेटवर्क शिकवणाऱ्याने मुलांना पहिल्या आठवड्यात वाचायला द्यावा असा आहे. रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये क्रमांक गोल न फिरवता सरळ वाढवत नेण्याची आणि बातमीला वय देण्याची रीत मांडली. आजच्या ओएसपीएफमध्ये बातमी एका तासाने मरते, ते याच घराण्यातलं.

१५ जानेवारी १९९० ला एटी अँड टीच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन जाळ्यात तर सावरण्याची क्रियाच रोग झाली. न्यूयॉर्कमधल्या एका स्विचला किरकोळ अडचण आली, तो काही सेकंद बंद होऊन परत आला आणि ‘मी आलो’ म्हणून शेजाऱ्यांना कळवलं. महिन्याभरापूर्वी घातलेल्या नव्या प्रोग्राममध्ये एक चूक होती: ही बातमी नोंदवत असतानाच त्याच स्विचकडून दुसरा संदेश आला तर शेजारी स्वतःच गडबडून बंद व्हायचा. तोही सावरून परत यायचा, ‘मी आलो’ म्हणायचा आणि आपल्या शेजाऱ्यांना पाडायचा. ११४ स्विच, सुमारे नऊ तास. प्रत्येक स्विच अगदी वेगाने सावरत होता!

अशी उदाहरणं जुन्या काळापुरती राहिलेली नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये सेंच्युरीलिंकच्या डेनव्हरमधल्या एका कार्डाने चार बिघडलेली पॅकेटं तयार केली. त्यांना मुदतीची मर्यादा नव्हती, ती पसरत आणि वाढत गेली, आणि गोंधळ ३७ तास चालला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या नाव-सर्व्हरांनी आपण केंद्रापासून तुटलो आहोत हे अचूक ओळखलं आणि शिकवल्याप्रमाणे इंटरनेटवरून स्वतःला मागे घेतलं, त्यासरशी अख्खी कंपनी सहा तासांहून जास्त काळ नाहीशी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टसच्या सुमारे ९० राउटरांनी मार्गांची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली म्हणून सुरक्षेच्या नियमानुसार स्वतःला तोडून घेतलं. एक कोटी ग्राहक दिवसभर फोनशिवाय राहिले. पंधरवड्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला.

* * *

तर निवड करणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? प्रस्तुत लेखकाचं मत विक्रेत्यांच्या क्रमाच्या नेमकं उलटं आहे. पहिला पैसा फायबरच्या खऱ्या वेगळेपणावर. दुसरा, नेटवर्क झोपलं तरी राउटरपर्यंत पोचवणाऱ्या स्वतंत्र वाटेवर. जुलै २०२२ मध्ये कॅनडातल्या रॉजर्सचं जाळं पडलं तेव्हा ते दुरुस्त करायची वाटही त्याच जाळ्यातून जात होती. तिसरा सरावावर. राउटरमधली वेगवान पद्धत त्यानंतर, आणि तीही बहुतेकांना जवळजवळ फुकट मिळते: दीडशे ते तीनशे मिलिसेकंदांचा बीएफडी, साधी एलएफए आणि राउटर सेगमेंट राउटिंग जाणत असतील तर टीआय-एलएफए. पन्नासच्या आत यायचा हट्ट ज्याला करायचा आहे, त्याने आधी आपल्या रहदारीतली कोणती गोष्ट एकावन्नाव्या मिलिसेकंदाला मरते, ते दाखवावं.

सरावाबाबत आपल्याकडे एक चांगलं उदाहरण घडलं. सेबीने २०२१ मध्ये बाजारांना पर्यायी केंद्रावर जाण्याची मुदत ४५ मिनिटांवर आणली. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, एनएसई आणि बीएसईने खास सत्र भरवून सकाळी मुख्य केंद्रावरून आणि दुपारच्या सुमारास आपत्कालीन केंद्रावरून खऱ्या पैशांचे खरे सौदे चालवले. बॅकअप आहे असं सांगणं आणि बॅकअपवर दुकान चालवून दाखवणं यांत केवढं अंतर आहे, ते ज्यांनी कधी रात्री दोन वाजता फेलओव्हरचं बटण दाबलं आहे त्यांना सांगायला नको.

दोन कंपन्यांच्या सीमेवर मात्र यांतलं काहीच फारसं चालत नाही. तिथे राज्य बीजीपीचं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना मार्ग सांगतात त्या भाषेचं. क्रेग लॅबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मोजून दाखवलं, की मार्ग बदलल्यावर इंटरनेट स्थिर व्हायला सरासरी तीन मिनिटं लागतात आणि कधीकधी पंधरासुद्धा. तेव्हापासून सुधारणा बरीच झाली, स्वभाव तोच राहिला.

त्याच २००० सालच्या नोव्हेंबरात व्हॅन जेकबसन आणि दोन सहकाऱ्यांनी एक मसुदा मांडला होता. राउटरांचे टायमर आळशी आहेत, हिशोब मिलिसेकंदांत होऊ शकतो, असा त्याचा सूर. पुढच्या दोन दशकांचा वेगाचा ध्यास तिथून जोरात सुरू झाला. २०२३ मध्ये गूगलमधून एक शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत हेच जेकबसन आहेत, आणि त्यातली कल्पना राउटरला जवळजवळ बाजूलाच ठेवते. पीआरआर म्हणजे प्रोटेक्टिव्ह रीरूट. पॅकेट पोचल्याची पोच वेळेत आली नाही, की पाठवणारा सर्व्हर स्वतःच पॅकेटावरचं ‘फ्लो लेबल’ हे एक खूणचिठ्ठीवजा रकान्यातलं मूल्य बदलतो. आयपीव्ही६ मध्ये राउटर समान खर्चाच्या अनेक वाटांतून एक निवडताना हा रकाना हिशोबात घेऊ शकतात. त्यामुळे मूल्य बदललं की पॅकेट बहुधा दुसऱ्या वाटेने निघतं. तीही वाट खराब निघाली तर पुन्हा बदलायचं. राउटरला बिघाड कळलाच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे पोर्टचा दिवा हिरवा आणि पॅकेटं मात्र गडप, अशा घुम्या बिघाडांवरही तो चालतो. गूगलने आपल्या केंद्रांमधल्या रहदारीचा एकूण खंडित काळ यामुळे ६३ ते ८४ टक्क्यांनी घटल्याचं त्यात नोंदवलं आहे. लिनक्समध्ये मूल्य बदलण्याची सोय आहे. अट एवढीच, की दोन टोकांमध्ये निवडायला पुष्कळ वाटा हव्यात. गूगलच्या केंद्रांमध्ये त्या आहेत. पुणे-सोलापूरच्या सात राउटरांच्या कडीत एकूण दोनच आहेत, आणि त्यांतली लांबची समान खर्चाची नाही. तिथे लेबल कितीही वेळा बदललं तरी पॅकेट त्याच तुटलेल्या टोकाशी येऊन थांबेल, आणि काम शेवटी जळगावच्या वेष्टनालाच करावं लागेल.